वाचता येणारे कॉकपिट: सेस्ना १७२ एसच्या एका सिम्युलेटर मॉडेलचे परीक्षण

संगणकावर विमान उडवण्याच्या मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरसाठी वेगळे विकत मिळणारे, सेस्ना १७२ एस या छोट्या विमानाचे एक मॉडेल मी गेले काही महिने नियमित वापरत आहे. त्याच्या कॉकपिटचे दृश्यरूप मूळ विमानाशी कितपत जुळते, एवढ्यापुरतेच हे परीक्षण आहे. उड्डाणाचे गुणधर्म, इंजिनाचा आवाज किंवा बाहेरचे रंगकाम यांविषयी येथे काही म्हटलेले नाही. निर्मात्याचे नाव दिलेले नाही, कारण पुढे सांगितलेले बहुतेक दोष एकट्या त्याचे नाहीत. थोड्याफार फरकाने ते इतर अनेक मॉडेलांतही आढळतात, आणि वाचकांनी आपापल्याकडचे मॉडेल याच कसोट्यांवर पारखून पाहावे असा हे लिहिण्यामागचा हेतू आहे.

आधी नेमके विमान कोणते, हे ठरवावे लागते. सेस्ना १७२ने पहिले उड्डाण १९५५ साली केले. १९८६ ते १९९६ हा खंड सोडला तर त्याचे उत्पादन सतत चालू राहिले, आणि आजवर चव्वेचाळीस हजारांहून अधिक विमाने तयार झाली. इतक्या काळात एकाच नावाखाली इतकी वेगवेगळी कॉकपिटे बनली की नुसते ‘सेस्ना १७२चे कॉकपिट’ म्हटल्याने काहीच निश्चित होत नाही. खंडानंतर आधी १७२ आर आले आणि १९९८मध्ये १७२ एस. दोघांचे इंजिन लायकमिंगचे आयओ-३६०-एल२ए हेच आहे, पण आरमध्ये ते मिनिटाला २४०० फेऱ्यांपर्यंत मर्यादित ठेवून १६० अश्वशक्ती घेतली जाते आणि एसमध्ये २७०० फेऱ्यांवर १८० अश्वशक्ती. हे इंजिन इंधन फवारणारे आहे, त्यात कार्बोरेटर नाही. म्हणून पॅनेलवर कार्बोरेटर गरम ठेवणारी ‘कार्बोरेटर हीट’ची मूठही नाही आणि जुन्या विमानांतला सुरू करण्याआधी इंजिनात इंधन सोडण्यासाठी ओढून दाबायचा प्रायमरही नाही. इंजिनाची शक्ती कमी-जास्त करणाऱ्या थ्रॉटलच्या डाव्या बाजूला एक छोटी मूठ दिसते खरी, पण ती पर्यायी स्टॅटिक हवेची, म्हणजे वेग-उंचीच्या उपकरणांना हवेचा दाब दुसऱ्या मार्गाने पोहोचवण्याची. ज्याने जुन्या १७२ची छायाचित्रे समोर ठेवून काम केले असेल, त्याच्याकडून येथे हमखास चूक होते. या मॉडेलमध्ये ती झालेली नाही. जे नसायला हवे ते येथे नाही, आणि ही गोष्ट मी निर्मात्याच्या अभ्यासाची पहिली खूण मानतो.

गतिदर्शकाच्या तबकडीवरही अभ्यास दिसतो. १७२ एसच्या तबकडीवर पांढरी कमान ४० ते ८५ नॉट, हिरवी ४८ ते १२९, पिवळी १२९ ते १६३ आणि १६३वर लाल रेघ असते. मॉडेलमध्ये या चारही खुणा जागच्या जागी आहेत. पांढऱ्या आणि हिरव्या कमानी जेथे एकमेकींवर येतात, तेथे त्यांची जाडी आणि आतली-बाहेरची जागा यांचीही काळजी घेतलेली आहे. तबकडीवर वरच्या बाजूला दाब-उंची आणि तापमान जुळवून खरा हवाई वेग वाचण्यासाठी जी छोटी खिडकी असते, तीही केवळ रंगवलेली नसून मुठीबरोबर तिच्यातली पट्टी फिरते. या कमानी म्हणजे सजावट नव्हे. फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेचे खाली उतरणारे भाग) कोणत्या वेगापर्यंत पूर्ण उतरवावेत आणि खडबडीत हवेत कोणत्या वेगाच्या पुढे जाऊ नये, हे वैमानिक त्यांच्यावरून एका दृष्टिक्षेपात वाचत असतो.

नेमक्या याच कारणाने इंजिनाच्या फेऱ्या दाखवणाऱ्या टॅकोमीटरची तबकडी पाहून फार वाईट वाटले. खऱ्या १७२ एसच्या टॅकोमीटरवरची हिरवी कमान पायऱ्यांची असते. समुद्रसपाटीला ती २१०० ते २५०० फेऱ्यांची, ५००० फुटांवर २६००पर्यंत आणि १०,००० फुटांवर २७००पर्यंत जाते, आणि हे तीन टप्पे तबकडीवर उतरत्या जाडीने वेगळे दाखवलेले असतात. त्यामागचे कारण सरळ आहे: उंचीबरोबर हवा विरळ होते, त्यामुळे तेवढीच शक्ती मिळवण्यासाठी इंजिनाला अधिक वेगाने फिरावे लागते, म्हणून खाली जी फेऱ्यांची संख्या नेहमीच्या वापरासाठी जास्त ठरते तीच वर योग्य ठरते. मॉडेलमध्ये मात्र २१००पासून २७००पर्यंत एकच सलग, एकसारख्या जाडीची हिरवी पट्टी रंगवलेली आहे. ती अतिशय सुबक आहे. तिची कड धारदार आहे, रंग अचूक आहे, शेवटची लाल रेघही बरोबर २७००वर आहे. पण ती जे सांगते ते खोटे आहे. समुद्रसपाटीलगत २६५० फेऱ्यांवर निवांत उडणाऱ्या नवशिक्याला ही तबकडी सर्व ठीक असल्याचा निर्वाळा देते. दोन तबकड्यांपैकी एकीसाठी विमानाची पुस्तिका वाचली गेली आणि दुसरीसाठी एखाद्या छायाचित्रावर भागवले गेले, असे दिसते. लहान आकाराच्या छायाचित्रात त्या पायऱ्या एकमेकींत मिसळून एकच पट्टी दिसते, हे ध्यानात घेतले की चूक कशी झाली असावी हेही कळते.

मॉडेलांच्या जाहिरातींत ४के टेक्श्चरचा, म्हणजे मॉडेलच्या पृष्ठभागांवर चढवलेल्या मोठ्या चित्रांचा, उल्लेख ठळकपणे केलेला असतो. ४०९६ गुणिले ४०९६ बिंदूंचे टेक्श्चर हे साधन चांगले आहे, मात्र ते पॅनेलच्या किती क्षेत्रफळावर पसरले आहे यावर अक्षरांची स्पष्टता ठरते. संपूर्ण कॉकपिट एकाच टेक्श्चरमध्ये कोंबले, तर आकडा मोठा राहूनही अक्षरे पुसट येतात. येथे तसे झालेले नाही. छापील मजकूर पृष्ठभागाच्या रंगात न मिसळता वेगळ्या पातळ थरावर बसवला आहे, त्यामुळे अगदी जवळ गेले तरी अक्षरांच्या कडा फुटत नाहीत. वळण दाखवणाऱ्या टर्न कोऑर्डिनेटरच्या तबकडीवर तळाशी बारीक अक्षरांत ‘नो पिच इन्फर्मेशन’ ही सूचना असते. त्यातले छोटे विमान पाहून नाक वर आहे की खाली असा अर्थ कोणी काढू नये म्हणून ती लिहिलेली असते. ती येथे सहज वाचता येते. दोन आसनांच्या मध्ये खाली असलेल्या इंधनाची टाकी निवडणाऱ्या फ्युएल सिलेक्टरच्या पाटीवर दोन्ही टाक्या मिळून ५३ गॅलन आणि एकेकीचे २६.५ गॅलन हे आकडे आहेत, आणि एकच टाकी वापरायची तर ती केवळ समतल उड्डाणात, हा इशाराही आहे. पुष्कळ मॉडेलांत या पाटीवर अक्षरांचा नुसता आभास असतो, कारण तेथवर कोणी वाकून पाहणार नाही असे गृहीत धरलेले असते.

आकारमानाची पारख डोळ्यांच्या अंदाजाने करू नये. कॅमेऱ्याचा कोन रुंद केला की सगळे कॉकपिट ताणल्यासारखे दिसते आणि नजर फसते. त्यासाठी मी एक साधी मोजणी वापरतो. विमानांतल्या मुख्य उपकरणांची पॅनेलमधली छिद्रे सव्वातीन इंचांहून किंचित कमी, म्हणजे नेमकी ३ १/८ इंच व्यासाची असतात, आणि मधल्या रांगेतील रेडिओ ६ १/४ इंच रुंद असतात. म्हणजे रेडिओची रुंदी उपकरणाच्या छिद्राच्या बरोबर दुप्पट भरली पाहिजे. कॅमेरा पॅनेलच्या अगदी समोर नेऊन, कोन शक्य तितका अरुंद करून चित्र घ्यावे आणि त्यावर ही दोन मापे घ्यावीत. सिम्युलेटर कोणताही असो, हे गुणोत्तर बदलत नाही. या मॉडेलमध्ये ते तंतोतंत जुळते. त्यामुळे रेडिओंची रांग आणि मुख्य सहा उपकरणे यांच्यामधली मोकळी जागाही योग्य आली आहे, आणि व्हीआर हेडसेट लावल्यावर शेजारचे आसन खांद्याला खेटून आहे असे जे वाटायला हवे ते वाटते. १७२ची केबिन जेमतेम एक मीटर रुंद आहे. तो अडचणीतला सहवास या विमानाच्या ओळखीचाच भाग आहे, आणि तो येथे सापडतो.

सुरुवातीला मिळणारी डोळ्यांची जागा मात्र पटत नाही. ती थोडी उंच आणि मागे आहे, म्हणून इंजिनाच्या आवरणावरून धावपट्टी गरजेपेक्षा अधिक दिसते. उतरताना शेवटच्या क्षणी नाक वर घेतले की समोरची धावपट्टी झाकली जाते आणि वैमानिकाला कडेच्या रेषांवरून अंदाज बांधावा लागतो. ही सवय या उंच नजरेमुळे लागत नाही. कॅमेऱ्याची जागा वापरणाऱ्याला बदलता येते हे खरे, पण बहुतेक जण ती बदलत नाहीत.

खोली दाखवण्याचे काम उत्तम झाले आहे. प्रत्येक काटा तबकडीपासून किंचित वर, स्वतंत्र जाडीचा आहे आणि त्याची सावली तबकडीवर पडते. डोके हलवले की काटा आणि आकडा यांच्यातले अंतर बदलते. उजव्या आसनावरून पाहिले तर डाव्या बाजूच्या गतिदर्शकावरचा वेग थोडा वेगळाच वाचला जातो. खऱ्या विमानात उजवीकडे बसणाऱ्या प्रशिक्षकाला नेमके हेच दिसते. काट्यांची हालचाल अखंड आहे, धक्के खात नाही. काचांवरची प्रतिबिंबे मात्र अति आहेत. सूर्य पाठीमागून आला की सहाही काचांवर आसने आणि खिडक्या इतक्या ठळक उमटतात की उंचीमापकातल्या दाबाच्या छोट्या खिडकीतला २९.९२चा आकडा शोधावा लागतो. प्रत्यक्षात प्रतिबिंब पडत नाही असे नाही, पण माणूस नकळत मान तिरकी करून ते टाळतो, आणि सपाट स्क्रीनपुढे बसलेल्याला तेवढी मोकळीक नसते. येथे भौतिक अचूकतेपेक्षा वाचनीयतेला झुकते माप द्यायला हवे होते.

आता झिजेविषयी, कारण या मॉडेलची सर्वाधिक वाखाणणी झिजेसाठीच होते आणि माझे मत नेमके तेथेच वेगळे पडते. वापरलेल्या कॉकपिटमध्ये झीज हाताच्या मागे जाते. इग्निशनच्या किल्लीला अडकवलेला जुडगा हिंदकळून खालच्या रंगावर अर्धगोलाकार ओरखडे पडतात. थ्रॉटलच्या काळ्या मुठीची मधली बाजू बोटांनी गुळगुळीत होऊन चकाकू लागते. योकवरचे (विमान वळवण्याच्या हँडलवरचे) रेडिओवर बोलण्याचे बटण आणि फ्लॅपच्या खटक्याचे टोक यांचा रंग फिका पडतो. दाराजवळ बुटांच्या टाचांचे काळे डाग असतात. जेथे हात पोहोचत नाही, तेथे धूळ असते, झीज नसते. या मॉडेलमध्ये मात्र झीज सगळीकडे सारख्या प्रमाणात आहे. वस्तूची प्रत्येक बाहेर आलेली कड शोधून तिच्यावर आपोआप रंग उडवणारी सोय टेक्श्चर बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये असते, आणि ती सरसकट वापरल्याचे येथे लगेच ओळखू येते. पॅनेलच्या वरच्या झापाच्या आतल्या कडेलाही रंग उडालेला आहे, जेथे कोणाचा हात जाण्याचे कारण नाही. त्याहून खटकते ते असे की काही प्लॅस्टिकच्या मुठींच्या कडा झिजून आतून चंदेरी धातू डोकावतो. प्लॅस्टिक झिजले तर आत प्लॅस्टिकच दिसेल. पहिल्या नजरेला हे सर्व अस्सल वाटते, पण थोडे थांबून पाहिले की या विमानाला कोणी हातच लावलेला नाही असे जाणवू लागते.

मुठींचे आकार मात्र मनापासून दाद द्यावी असे आहेत. थ्रॉटलची मूठ काळी, गोल आणि गुळगुळीत. इंजिनातल्या इंधन-हवेचे प्रमाण ठरवणाऱ्या मिक्श्चरची लाल आणि कडेला उंचवटे असलेली. फ्लॅपचा खटका चपटा आणि पांढरा. नजर बाहेर असताना हाताने कोणती मूठ पकडली हे स्पर्शाने कळावे, म्हणून हे आकार वेगळे ठेवलेले असतात. मोठ्या प्रवासी विमानांच्या अमेरिकी नियमांत, एफएआर २५.७८१ या कलमात, चाकांच्या दांड्याची मूठ चाकासारखी आणि फ्लॅपची मूठ पंखाच्या छेदासारखी असावी असे स्पष्टच दिलेले आहे. सिम्युलेटरमध्ये माउसने काम करणाऱ्याला स्पर्श नाही, म्हणून स्पर्शाचे कामही डोळ्यांनाच करावे लागते, आणि आकार जर ढोबळ काढला तर वापरणाऱ्याकडून ती एकमेव खूणही हिरावली जाते. येथे मिक्श्चरच्या कडेचे उंचवटे खरोखरच्या भूमितीत काढलेले आहेत, नुसते छायेने भासवलेले नाहीत. कडेने पाहिले तरी ते सपाट होत नाहीत. मास्टर स्विचची लाल जोडीही अशीच: डावा अर्धा अल्टरनेटरचा, उजवा बॅटरीचा, दोन्ही वेगवेगळे हलतात आणि मधली फट दिसते.

होकायंत्रात तर दुर्मीळ अचूकता आहे. द्रवात तरंगणाऱ्या चुंबकीय होकायंत्राची चकती जागेवर राहते आणि विमान तिच्याभोवती फिरते; आपण तिची आपल्याकडची, म्हणजे मागची बाजू पाहत असतो. त्यामुळे विमान उत्तरेकडे असताना ३ आणि ६ (म्हणजे ३० आणि ६० अंश) हे आकडे उत्तरेच्या डाव्या हाताला दिसतात, उजव्या हाताला नव्हे. दिशादर्शक जायरोच्या (वेगाने फिरणाऱ्या चक्रावर चालणाऱ्या दिशादर्शकाच्या) तबकडीवर हा क्रम उलटा असतो, आणि तोच क्रम होकायंत्रावर उतरवण्याची चूक अनेकांकडून होते. येथे क्रम बरोबर आहे, आणि वळण घेताना चकती कलतेही. खालच्या विचलनाच्या कार्डाबाबत मात्र निर्माता घाईत होता. कोणत्या दिशेसाठी प्रत्यक्षात किती अंशांवर सुकाणू धरावे, हे त्या त्या विमानात होकायंत्र तपासून कार्डावर भरलेले असते, म्हणून प्रत्येक विमानाचे कार्ड वेगळे. मॉडेलमधल्या कार्डावर दोन्ही रांगांत तेच ते आकडे छापलेले आहेत, म्हणजे विचलन सर्वत्र शून्य. इतके निर्दोष होकायंत्र विरळाच. दोन-तीन अंशांचे फरक हाताने लिहिल्यासारखे भरले असते, तर ते कार्ड उपयोगाचे झाले असते आणि शिकणाऱ्याला ते वाचण्याची सवयही लागली असती.

रात्रीच्या प्रकाशात हे मॉडेल सर्वांत दुबळे आहे. मोठ्या जेट विमानांची पॅनेले आतून उजळणारी असतात: अर्धपारदर्शक प्लॅस्टिकवर रंग देऊन त्यातून अक्षरे कोरलेली असतात, आणि मागचा दिवा लावला की अक्षरेच तेवढी चमकतात. १७२ एसची व्यवस्था वेगळी आहे. प्रत्येक उपकरणात स्वतंत्र छोटा दिवा, पॅनेलवरच्या झापात लपवलेला प्रकाश, छतातला दिवा आणि फ्युएल सिलेक्टरच्या वर झाकण असलेला एक दिवा, अशी ती आहे. त्यांचे तेज वेगवेगळ्या मुठींनी कमी-जास्त करता येते. म्हणजे सिलेक्टरची पाटी स्वतः उजळत नाही, तिच्यावर वरून प्रकाश पडतो आणि सिलेक्टरच्या मुठीची सावलीही तिच्यावर पडते. मॉडेलमध्ये दिवे लावताच ती पाटी जेटच्या पॅनेलसारखी आतून झळकते, आणि मूठ फिरवली तरी सावली हलत नाही. शिवाय झापाखालचा प्रकाश आणि उपकरणांतला प्रकाश यांचा रंग एकच ठेवला आहे. आकड्यांची वाचनीयता चांगली आहे, हे मान्य केले पाहिजे; पण अंधाऱ्या छोट्या विमानात प्रकाशाचे जे तुकडे आणि अंधाराचे जे कोपरे असतात ते येथे नाहीत. इशाऱ्याच्या दिव्यांचे रंग मात्र ठीक आहेत: इंधन कमी झाल्याचा पिवळसर, तेलाचा दाब घसरल्याचा लाल.

इंजिन बंद, बॅटरी बंद अशा स्थितीत कॉकपिट उघडले की कृत्रिम क्षितिज एका बाजूला कललेले दिसते, टर्न कोऑर्डिनेटरवर लाल पट्टी आलेली असते, आणि इंजिन सुरू झाल्यावर जायरो फिरवणाऱ्या निर्वाताचा काटा साडेचार ते साडेपाच इंचांच्या हिरव्या पट्ट्यात स्थिरावेपर्यंत क्षितिज हळूहळू डुलत सरळ होते. जायरो थांबल्याचे हे चित्र मला या मॉडेलमध्ये सर्वांत प्रिय आहे.

उपकरणे वाचून उडायला शिकत असलेल्यांनी हे मॉडेल अवश्य घ्यावे, मात्र टॅकोमीटर १७२ एसच्या पुस्तिकेतले आकडे शेजारी ठेवूनच वाचावा. निव्वळ दृश्याच्या आनंदासाठी घेणाऱ्यांना दिवसाच्या प्रकाशात ते भरपूर समाधान देईल. रात्रीच्या उड्डाणांसाठी घ्यायचे असेल तर पुढच्या आवृत्तीची वाट पाहिलेली बरी. त्या आवृत्तीकडून माझी पहिली मागणी टॅकोमीटरच्या तबकडीची आहे, कारण ती एका टेक्श्चर फाइलची दुरुस्ती आहे. विचलनाचे कार्डही तितक्याच कामात होईल. झीज नव्याने रंगवायला आणि दिव्यांची मांडणी बदलायला वेळ लागेल, आणि तेवढा वेळ निर्मात्याने घ्यावा.